तिशीतल्या चेहऱ्याची निगा: खानदेशच्या उन्हात आणि जड पाण्यात रोज निभेल एवढीच

सनस्क्रीनची ५० ग्रॅमची ट्यूब तुम्हाला किती दिवस पुरते? उत्तर ‘चार-पाच महिने’ असेल, तर सिरम, फेशियल, फाउंडेशन सगळं बाजूला ठेवा आणि आधी तिथे लक्ष द्या. चेहरा आणि मान मिळून एका वेळेला साधारण सव्वा ग्रॅम सनस्क्रीन लागतं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा लावलं, तर ती ट्यूब तीन आठवड्यांत संपायला हवी. पाच महिने पुरत असेल तर थर बसतच नाहीये.

ट्यूबवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो. त्याच्या पाव थर लावला की ५० लिहिलेलं असूनही संरक्षण अगदीच थोडं मिळतं. त्यामुळे महागडं ५० चिमूटभर लावण्यापेक्षा परवडणारं ३० हात न आखडता लावलेलं कधीही चांगलं. एसपीएफ ३० त्वचा भाजणारे साधारण ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. पुड्यावर ‘पीए’च्या पुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हं आहेत ना, तेही बघून घ्या. डाग गडद करणारे यूव्हीए किरण किती अडतात ते त्यावरून कळतं, आणि हे किरण गाडीच्या काचेतूनही आत येतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण उन्हाची झळ आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरातल्या गुलाबी थंडीत दुपारी गच्चीवर बसून वांगी-मिरच्या निवडताना झळ लागत नाही, किरण मात्र लागतातच. पावसाळ्यात ढग असतानाही लागतात. सनस्क्रीन बारा महिने लावायचं ते त्यासाठी.

तिशीत बदलतं काय? त्वचेचा वरचा थर झडून नवा यायला विशीपेक्षा जास्त दिवस लागू लागतात. त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन हळूहळू कमी होत जातं. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, पाळीतले बदल यांमुळे गालांवर वांग उमटतो आणि हनुवटीवर पुटकुळ्या येतात. पूर्वी पुटकुळीचा डाग पंधरा दिवसांत जायचा, तो आता तीन महिने रेंगाळतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा स्वभावच असा की जरा दुखावली की मागे तपकिरी डाग ठेवते. म्हणून इथे नियम एकच: चेहऱ्याला जे झोंबतं, चुरचुरतं, सोलवटतं ते नको.

आधी नळाखालचं पाणी बघा

बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो का? गिझरची कॉइल दर वर्षा-दोन वर्षांनी जाते का? साबणाला फेस कमी येतो आणि अंग धुतल्यावर चिकट लागतं का? तुमचं पाणी जड आहे. खानदेशात बोअरच्या पाण्यावर असलेल्या कितीतरी घरांत हीच गत. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिसळलं की न विरघळणारी साय तयार होते. ती कपड्यावर बसते तशीच गालावरही बसते. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो, नाकाच्या कडेला कोंडा धरतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं. वर साबणाचा सामू ९ ते १० आणि त्वचेचा ५ च्या आसपास.

उपाय सोपा आहे. चेहऱ्याला अंगाचा साबण लावायचा नाही. ‘सोप फ्री’ किंवा ‘सिंडेट’ लिहिलेला सौम्य फेसवॉश घ्यायचा, त्याची जड पाण्याशी साय बनत नाही. रुपयाच्या नाण्याएवढा घ्या, ओल्या तळहातावर आधी पातळ करा, मग अर्धा मिनिट बोटांच्या पेरांनी फिरवा. नंतर आठ-दहा ओंजळी पाणी. केसांची कड, जबड्याखाली आणि नाकपुड्यांच्या खाचा इथे फेस हमखास राहतो, आणि तिथेच खाज सुटते. घरी आरओ असेल तर शेवटचा एक तांब्या त्या पाण्याचा घ्या आणि पंधरा दिवसांत फरक पडतो का ते स्वतः बघा. तुरटी फिरवल्याने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. पाणी उकळल्याने जडपणा थोडाच कमी होतो आणि कढत पाणी त्वचेतलं तेल ओढून घेतं, म्हणून हिवाळ्यातही चेहऱ्याला कोमटच.

पुसायला सगळ्या घराचा टॉवेल नको. स्वतःचा मऊ सुती पंचा ठेवा, टिपून घ्या आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. पूर्ण वाळल्यावर लावलेलं क्रीम तेवढी ओल धरून ठेवत नाही, कारण वरची ओल तोवर उडून गेलेली असते.

सकाळ: पाच मिनिटं

सकाळी चेहरा तेलकट नसेल तर नुसतं पाणी पुरे. तेलकट असेल तर फेसवॉश. त्यावर मॉइश्चरायझर: मार्च ते ऑक्टोबर जेल किंवा पातळ लोशन, नोव्हेंबर ते फेब्रुवारी घट्टसर क्रीम. पुड्यावर ग्लिसरीन, सेरामाइड, हायलुरॉनिक अॅसिड यांपैकी एक-दोन नावं दिसली की झालं, फुलापानांची लांबलचक यादी लागत नाही. त्वचा फार तेलकट असेल आणि सनस्क्रीन स्वतःच मऊ असेल, तर उन्हाळ्यात मॉइश्चरायझर सोडून दिलं तरी चालतं.

घरात ग्लिसरीन-गुलाबपाण्याची बाटली असतेच. एक भाग ग्लिसरीन, तीन-चार भाग गुलाबपाणी हे प्रमाण ठेवा. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत लावलं तर ते हवेतून ओल घेण्याऐवजी त्वचेतूनच घेतं, म्हणून त्यावर क्रीमचा हात फिरवायलाच हवा. आठवड्यापुरतंच करून फ्रिजमध्ये ठेवा.

मग सनस्क्रीन. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक जाड रेघ ओढा. एवढं चेहरा आणि मानेला. एकदम फासलं तर पांढरं दिसतं आणि अर्धं तळहातावरच राहतं, म्हणून एक रेघ आधी गालांवर, कपाळावर ठिपके देऊन पसरा, मिनिटभर थांबा, मग दुसरी रेघ. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, पदर किंवा ओढणी सरकते तो गळ्याचा भाग विसरू नका. दुचाकी चालवणाऱ्यांनी हातांच्या पाठीही. घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हे उरकलेलं असावं.

आता स्कार्फबद्दल. स्कुटीवर निघताना डोळे सोडून सगळा चेहरा बांधायची आपल्याकडची सवय उत्तम आहे, तिच्यामुळे खरंच संरक्षण मिळतं. पण विरळ विणीच्या पांढऱ्या ओढणीतून किरण बरेच आत येतात, दाट विणीची गडद रंगाची सुती ओढणी चांगली. दुसरी गोष्ट, अमळनेरहून खेड्यावरच्या शाळेत पोहोचेपर्यंत तीच ओढणी गालांवर घासून सनस्क्रीन पुसून घेते आणि घाम शोषते. तीच ओढणी आठवडाभर वापरली की जबड्याच्या रेषेवर बारीक पुटकुळ्यांची माळ उठते. दोन-तीन ओढण्या ठेवा, रोज धुतलेली बांधा. पोहोचल्यावर रुमालाने घाम दाबून टिपा, चोळू नका, आणि दिवसभर आत बसायचं असेल तरी दुपारी निघण्याआधी सनस्क्रीनचा दुसरा हात द्या. केळीच्या बागेत किंवा कापूस वेचणीला दिवसभर उन्हात असणाऱ्यांना दर दोन-अडीच तासांनी लावावं लागतं. ते जमत नसेल तर रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सकाळी लवकर काम धरणं हे सनस्क्रीनपेक्षा जास्त भरवशाचं.

ट्यूब स्कुटीच्या डिक्कीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिक्की तापते आणि क्रीम फुटतं. दाबल्यावर आधी पाणी आणि मग गोळा बाहेर आला, की ती ट्यूब टाकून द्यायची.

रात्र: त्याहून कमी

मेकअप केला असेल किंवा सनस्क्रीन जाड असेल तर आधी ते तेलकट क्लीन्झरने किंवा मायसेलर वॉटरने उतरवा, मग फेसवॉश. खोबरेल तेलाने मेकअप निघतो हे खरं, पण पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवतं. ते पायांच्या भेगांना, कोपरांना आणि केसांना राहू द्या. धुतल्यावर मॉइश्चरायझर. पहिला महिनाभर रात्रीची निगा एवढीच ठेवा.

त्यानंतर तिशीत खरोखर उपयोगी पडणारी एकच वस्तू वाढवायची असेल, तर रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचं एक रूप. बारीक रेघा, डाग, पुटकुळ्या तिन्हींवर काम करतं. पण सुरुवात चुकली तर चेहरा लाल होऊन सोलवटतो, आणि बहुतेक बायका तिथेच सोडून देतात. म्हणून तपशिलात सांगतो.

सुरू कधी करायचं? चैत्र-वैशाखात अजिबात नाही. श्रावणात कानबाई बसते त्या सुमाराला करा. हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं, आणि थंडीच्या कोरड्या हवेपर्यंत त्वचेला सवय झालेली असते. ०.२ किंवा ०.३ टक्क्याचं घ्या. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वीस मिनिटं जाऊ द्या. आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात. मग मटारच्या दाण्याएवढं रेटिनॉल बोटावर घेऊन कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर एकेक ठिपका, आणि बाहेरच्या दिशेला पसरवायचं. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे सोडून द्यायचे, जळजळ तिथूनच सुरू होते. त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर. आठवड्यातून दोनच रात्री, तेही लागोपाठ नाही. महिनाभर काही त्रास नाही झाला तर तीन रात्री. दाणा मोठा केल्याने परिणाम वाढत नाही, सालं वाढतात. पहिल्या काही आठवड्यांत पुटकुळ्या थोड्या जास्त दिसू शकतात. फरक कळायला तीन महिने धरा.

गरोदर असाल, राहायचं ठरवत असाल किंवा अंगावर पाजत असाल तर रेटिनॉल नको. त्या काळात डागांसाठी १० टक्के अॅझेलाइक अॅसिड चालतं, तरी एकदा डॉक्टरांना विचारून. वरच्या ओठाचं वॅक्सिंग करायचं असेल तर आधी आठवडाभर रेटिनॉल बंद ठेवा, नाहीतर मेणाबरोबर कातडी निघते आणि तिथे काळी पट्टी राहते.

व्हिटॅमिन सी सिरमचा फार बोलबाला आहे. ते वाईट नाही. पण त्याचं जे खरं परिणामकारक रूप आहे ते उष्णतेने आणि हवेने लवकर खराब होतं, आणि उन्हाळ्यात आपल्या बंद खोलीतल्या कपाटात ते टिकत नाही. चहासारखं तांबूस झालं की ते काम करत नाही, उलट झोंबतं. पैसे मोजून घ्यायचेच असतील तर ५ टक्के नायसिनामाइड घ्या: उष्णतेला टिकतं, तेल कमी करतं, डाग हळूहळू फिके करतं आणि बहुतेकींना झोंबत नाही.

कोणतीही नवी वस्तू एका वेळी एकच, आणि दोन वस्तूंमध्ये दोन आठवड्यांचं अंतर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला पाच-सहा दिवस रोज लावून बघा. तीन नव्या बाटल्या एकाच दिवशी सुरू केल्या आणि चेहरा उठला, तर कोणामुळे उठला ते कळत नाही.

वांग, आणि घरातून बाहेर काढायच्या वस्तू

गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर नकाशासारखे तपकिरी पट्टे म्हणजे वांग. त्याला ऊन तर वाढवतंच, साधा दिसणारा उजेड आणि उष्णताही वाढवते. त्यामुळे वांग असेल तर रंग असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या. त्यातलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं, साधं पांढरं सनस्क्रीन अडवत नाही. चुलीवर भाकरी करताना किंवा कापसाच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजताना चेहरा जाळाच्या थेट समोर धरू नका, बाजूने बसा. वांग महिन्यांनी फिका होतो आणि उन्हाळ्यात पुन्हा डोकं वर काढतो. ‘सात दिवसांत वांग गायब’ हे ज्या डबीवर लिहिलंय ती डबी धोक्याची.

या डब्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण नुकसान सर्वांत जास्त इथे होतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या ट्यूबवर बारीक अक्षरांत बघा: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही आहे? ते स्टेरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, शेजारीण विचारते काय लावलं म्हणून, आणि ट्यूब एका घरातून दुसऱ्या घरात जाते. दोन-तीन महिन्यांनी कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांचं जाळं दिसतं, उन्हात गेलं की आग होते, बारीक लव वाढते. बंद केलं की सगळं दुपटीने उफाळून येतं, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. यातून सुटायला त्वचारोगतज्ज्ञच लागतो. जाताना ती ट्यूब सोबत न्या आणि किती महिने लावली ते न लाजता सांगा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, खाजगी दवाखाना परवडत नसेल तर तिथल्या ओपीडीत दाखवा.

दुसरी, बिनलेबलची क्रीमं. ज्यावर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, असं काहीही चेहऱ्याला लावू नका. गोरं करणाऱ्या अशा क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो. ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ हा शब्द दिसला तर डबी तिथेच ठेवा.

तिसरी, लिंबू. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठू शकतात. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि अक्रोडाचा खरखरीत स्क्रबही नको. बेसन-हळद-साय पंधरा दिवसांतून एकदा लावायला हरकत नाही, पण वाळून पापुद्रा होईपर्यंत ठेवून चोळून काढायचं नाही. ओलसर असतानाच पाण्याने सोडवायचं.

टिकलीचंही इथेच सांगतो. चिकट टिकलीच्या काही गोंदांत असलेल्या रसायनाने भुवयांच्या मध्ये आधी खाज सुटते, मग तिथे पांढरा डाग पडतो. रात्री टिकली काढून ठेवा, जागा धुवा. खाज सुटली की त्या दिवसापासून ती टिकली बंद. पांढरेपणा दिसू लागला तर वाट न बघता दाखवा, लवकर गेलं तर रंग परतायची शक्यता जास्त.

रोजचा मेकअप: सात मिनिटं, मोजक्या वस्तू

सनस्क्रीन लावल्यावर निदान सात-आठ मिनिटं काहीही लावू नका. घाई केली की चेहऱ्यावर बारीक शेवया निघतात. एकावर एक चार थर दिले, किंवा थापण्याऐवजी घासलं, तरी तेच होतं.

तिशीत फाउंडेशन जितकं कमी तितकं वय कमी दिसतं. टिंटेड सनस्क्रीन असेल तर फाउंडेशन लागतच नाही. लावायचं असेल तर अर्धा पंप, तोही सगळीकडे नाही: नाकाच्या बाजूला, तोंडाभोवती, डागांवर. ओला करून घट्ट पिळलेल्या स्पंजने टिपत बसवा. शेड घेताना दुकानातल्या पांढऱ्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. जबड्याच्या कडेला रेघ लावा, दुकानाच्या दारात उजेडात या, दहा मिनिटं थांबा. काही फाउंडेशन हवेने गडद होतात. मानेशी मिसळून रेघ दिसेनाशी होते ती तुमची शेड. दोन शेड उजळ घेतली की सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखी करडी छटा येते आणि मान वेगळी दिसते. तुमचा रंग झाकायचा नाहीये, फक्त एकसारखा करायचाय.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं नुसत्या कन्सीलरने झाकली की करडी दिसतात. आधी नारिंगी कलर करेक्टर लागतो. तांदळाच्या एका दाण्याएवढाच घ्या. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी जिथे खळगा सर्वांत गडद आहे तिथेच ठेवा, पूर्ण अर्धवर्तुळावर नाही. अनामिकेने हलक्या टिचक्या द्या, कारण त्या बोटाचा जोर कमी पडतो. अर्धा मिनिट बसू द्या. मग त्वचेच्याच शेडचं कन्सीलर, तेही दाण्याएवढं, कडेला विरवत. वर बघा, डोळ्यांखाली रेघांत साचलेलं बोटानेच टिपून घ्या आणि लगेच किंचित पावडर दाबा. तासाभरात भेगा पडल्यासारखं दिसत असेल तर एक तर प्रमाण जास्त झालंय, किंवा खालची त्वचा कोरडी आहे. जवळ करेक्टर नसेल तर विटकरी-नारिंगी लिपस्टिकचा एक ठिपका तेच काम करतो.

काजळ घामाने पसरतं म्हणून लावल्यावर त्यावर तपकिरी आयशॅडोचा बारीक ब्रश दाबून घ्या. पेन्सिल दर आठवड्याला टोक करून ताजी ठेवा. सुरम्याच्या जुन्या खड्यांत शिसं असू शकतं, तो मोठ्यांनी लावू नये आणि लहान मुलांच्या डोळ्यांत तर घालूच नये.

भुवया फक्त मोकळ्या जागी, केसासारख्या बारीक रेघांनी भरा. लिपस्टिकआधी ओठांना पेट्रोलियम जेली, दोन मिनिटांनी टिपून घ्या, मग रंग. आपल्या वर्णाला विटकरी, मरून, पिकल्या जांभळाचा रंग छान बसतो. त्याच लिपस्टिकचे दोन ठिपके गालांच्या वरच्या हाडावर बोटाने विरवले की वेगळा ब्लश घ्यायला नको. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर. सगळ्या चेहऱ्यावर मारली की दुपारपर्यंत रेघा उठून दिसतात.

आखाजी आणि मे महिन्यातली लग्नं

आखाजीला माहेरी झोका खेळायचा, पाठोपाठ लग्नसराई, आणि ऊन भर माथ्यावर. इथे जास्त थर देऊन मेकअप टिकत नाही, वाहतो. फेशियल, ब्लीच, वॅक्सिंग जे काही करायचं ते कार्याच्या निदान सात-आठ दिवस आधी. ब्लीचने आग झाली तर तिचा डाग उतरायला तेवढे दिवस पुरत नाहीत, म्हणून आधी कधी केलं नसेल तर लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा करूच नका. रेटिनॉल आठवडाभर आधी बंद.

हळदीच्या आधी चेहऱ्याला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या, पिवळेपणा आत बसत नाही आणि चुरचुरत नाही. हळद घरी कुटलेली किंवा खात्रीची असावी. भडक पिवळ्या सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते.

कार्याच्या दिवशी कूलरसमोर बसून घाम पूर्ण जिरू द्या, ओल्या घामावर काहीही बसत नाही. एक तुकडा बर्फ रुमालात गुंडाळून मिनिटभर फिरवला तरी चालतो, थेट त्वचेवर नको. पातळ थर, दाबलेली पावडर, वॉटरप्रूफ काजळ, मॅट लिपस्टिक. पर्समध्ये टिश्यू ठेवा आणि चमक आली की आधी टिपा, मगच पावडर. घामावर पावडर मारली की तिचा चिखल होतो आणि ठिपके पडतात.

जे क्रीमने जाणार नाही

मानेवर, काखेत काळी, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसत असेल तर तो मळ नाही. वजरीने घासून ती आणखी काळी होते. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. उपाशीपोटी साखर तपासून घ्या. हनुवटीवर ठणकणाऱ्या गाठी, पाळी लांबणं आणि चेहऱ्यावर राठ केस हे एकत्र असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. वर्तुळं वाढलीत आणि दमही लागतोय, तर हिमोग्लोबिन तपासा. त्वचा अचानक फार कोरडी पडली, केस गळतायत, वजन वाढतंय, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी. यांतल्या एकाही गोष्टीवर सिरमचे पैसे घालवू नका.

शेवटचं काम, आजच करून टाका: घरातल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढा. उघड्या डबीच्या चित्रात ‘६एम’, ‘१२एम’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून तितके महिने. मस्कारा तीन ते सहा महिने, पातळ फाउंडेशन सहा महिने ते वर्ष. मार्करने प्रत्येकीवर उघडल्याची तारीख लिहा. लिपस्टिकवर घामासारखे थेंब आले असतील तर उष्णतेने तेल सुटलंय, तासभर फ्रिजमध्ये ठेवून वापरा. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर टाकून द्या. ब्रश आणि स्पंज आठवड्यातून एकदा फेसवॉशने धुवायचे आणि ब्रश आडवे ठेवून सावलीत वाळवायचे. उभे ठेवले तर पाणी मुळाशी उतरतं आणि केस सुटतात.